मधला भाग कोणी पाहिला?

मी एक जुना सागवानी ठोकळा आहे. मित्रांनो, एवढे विधान तुम्हाला तपासून पाहता येईल. नखाने ओरखडा काढा, वास घ्या, तराजूवर ठेवा. यापुढे मी जे सांगणार आहे त्यातला बराचसा भाग तसा तपासता येणार नाही, म्हणून तो ऐकताना थोडा संशय जवळ बाळगा. मला त्याचा राग येणार नाही.

प्रथम माझे रूप सांगतो. माझी जाडी सुमारे हातभर आहे. माझ्या पुढच्या बाजूवर तांब्याची एक गोल चकती दिसते, जुन्या रुपयाएवढी. तशीच दुसरी चकती मागच्या बाजूवर आहे, बरोबर तिच्या समोर. मला पाहणारा प्रत्येक जण एकच निष्कर्ष काढतो: या दोन चकत्या म्हणजे एकाच तांब्याच्या कांबेची दोन टोके, आणि ती कांब माझ्यातून आरपार गेली आहे. हा निष्कर्ष वाजवी आहे. वाजवी आणि खरे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे. पण मी या प्रकरणातला हितसंबंधी साक्षीदार आहे आणि अशा साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देऊ नये. आधी हकिगत ऐका.

मी मलबारच्या डोंगरातल्या एका सागाचा तुकडा. ते झाड किती वर्षांचे होते हे माझ्या वर्तुळांवरून अर्धेच सांगता येते, कारण गाभा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला. ओंडका नदीतून वाहत आला, सुकला, करवतीखाली गेला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाजगी गोदीत पोहोचला. गोदीचे नाव मी सांगत नाही. लाकडाला पाट्या वाचता येत नाहीत.

त्या काळी दूर युरोपात युद्ध चालले होते. विलायतेच्या सरकारला शिडांची युद्धजहाजे हवी होती आणि लवकर हवी होती. सरकारच्या स्वतःच्या गोद्या भरून गेल्या होत्या. म्हणून काही जहाजांचे ठेके खाजगी बांधणाऱ्यांना दिले गेले. असा ठेका कसा ठरत असेल, याचे तुम्हाला कुतूहल वाटत नसेल तर वाटायला हवे. दर ठरे टनावर. पण हा टन वजनाचा नव्हता. तो जहाजाच्या लांबी-रुंदीवरून काढलेला एक आकडा होता. लांबी मोजत, रुंदी मोजत. खोली मात्र मोजतच नसत, ती रुंदीच्या निम्मी धरून चालत. समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूची खोली न मोजता तिची किंमत ठरवणे ही रीत तेव्हा कुणालाही विचित्र वाटली नाही. सोयीची रीत सहसा विचित्र वाटत नाही.

पैसे हप्त्यांनी मिळत. तळाचा कणा घातला की एक हप्ता, फासळ्या उभ्या राहिल्या की दुसरा, फळ्या चढल्या की तिसरा, आणि जहाज पाण्यात उतरले की उरलेले. प्रत्येक टप्प्याला सरकारी तपासनीस येई, पाहून जाई आणि सही करी. पद्धत शहाणपणाची होती. एकरकमी पैसे घेऊन ठेकेदार पळून जाऊ नये आणि पैशांवाचून काम थांबूही नये, असा तिचा हेतू होता.

आता कांबेकडे वळू. जहाजाच्या तळाला किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याचा पत्रा मढवत. समुद्राच्या पाण्यात तांब्याच्या शेजारी लोखंड ठेवले तर लोखंड झपाट्याने खाल्ले जाते. त्यामुळे पाण्याखालच्या भागात फळ्या आणि फासळ्या जोडायला लोखंडी खिळे चालत नसत. जाड तांब्याच्या कांबी लागत, बाहेरून आत आरपार, दोन्ही टोके ठोकून चपटी केलेल्या. करारात तसे स्पष्ट लिहिले होते. करारावर सह्या झाल्या आणि त्यानंतर युद्धामुळे तांबे महागले. टनाचा दर मात्र होता तोच राहिला.

गोष्टींमध्ये असा ठेकेदार दुष्ट असतो. आमचा दुष्ट नव्हता. कामगारांना वेळेवर मजुरी देई आणि हिशेब जुळेना की कपाळ चोळत बसे. पण तपासनिसाला काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्याला नेमके समजले होते. तपासनीस सकाळी जहाजाच्या बाहेरून चकत्या मोजी आणि दुपारी आत उतरून मोजी. दोन्ही बेरजा जुळल्या की सही. म्हणून काही ठिकाणी पूर्ण कांब गेली. काही ठिकाणी बाहेरून एक आखूड तुकडा गेला आणि आतून दुसरा. मधल्या भोकात डांबर भरले. बाहेरून आणि आतून पाहता दोन्ही प्रकार अगदी सारखे.

यात मला एक नियम दिसतो. तो कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या निरीक्षणातला आहे, म्हणून बेतानेच स्वीकारा. जे दिसते त्याचेच पैसे मिळत असतील, तर जे दिसत नाही ते हळूहळू कमी होत जाते.

माझ्यातली कांब कोणत्या प्रकारची होती? थोडे थांबा.

जहाज वादळात बुडाले असेल, अशी तुमची अपेक्षा असेल. ते बुडाले नाही. त्याने बरीच वर्षे समुद्र ओलांडला, सलामीच्या तोफा उडवल्या, बंदरांमध्ये कौतुक करून घेतले. पण वारा जोराचा झाला की फळ्या फासळ्यांवर किंचित सरकत आणि पाणी आत येई. मग खलाशी पाळीपाळीने पंपावर उभे राहत. तळहातांची साले निघेपर्यंत पाणी उपसत. कप्तान शिडे कमी करी आणि म्हणे, हे जहाज जरा नाजूक आहे. कारण त्याला कधीच कळले नाही. ज्यांनी सह्या केल्या ते पंपावर नव्हते आणि जे पंपावर होते त्यांना सहीचा अधिकार नव्हता. जहाज बुडाले नाही हे खरे. पण न बुडणे हा जहाज पक्के असल्याचा पुरावा नव्हे. तो फक्त त्या माणसांच्या तळहातांचा पुरावा होता.

शेवटी शिडांचे दिवस सरले. जहाज सिंगापूरच्या बाजूच्या समुद्रात कोठार म्हणून नांगरून ठेवले गेले आणि मग मोडले गेले. माझा तुकडा फिरत फिरत सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर आला. तेथल्या धक्क्याजवळ सायकली भाड्याने देणारे एक दुकान आहे. त्याच्या फळीखाली मी कित्येक वर्षे टेकू म्हणून होतो. टेकूचे कौतुक कुणी करत नाही. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले, सायकलींच्या साखळ्यांचे तेल गळले. तांबे हिरवे पडले.

निशिकांतांनी मला तेथे पाहिले. ते मूळचे मुंबईचे, एका नगरपालिकेतून निवृत्त झालेले. सार्वजनिक बांधकामाच्या ठेक्यांची टप्प्याटप्प्याने तपासणी करून हप्ता मंजूर करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पत्नी वारल्यानंतर ते मुलीकडे, अरुणाकडे, सिंगापुरात राहायला आले. एका रविवारी सगळे उबीनला सायकली चालवायला गेले होते. निशिकांत सायकल चालवत नसल्यामुळे दुकानात बसले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

दुकानदार म्हणाला, "ओल्ड शिप, अंकल. व्हेरी स्ट्राँग वन."

त्याला हे कुणी सांगितले होते, हे निशिकांतांनी विचारले नाही.

ते मला मागून घेऊन आले, आणि तेव्हापासून मी सिंगापुरातल्या क्वीन्सटाउन भागात, अरुणाच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या कपाटावर आहे. दर शनिवारी सकाळी निशिकांत मला जेवणाच्या टेबलावर घेतात आणि माझ्या दोन्ही चकत्या चिंच-मिठाने घासतात. पाहुणा आला की त्याला मला दाखवतात. त्यांचे वाक्य ठरलेले असे: "इकडे डोकं, तिकडे डोकं. आरपार! याला म्हणतात सरकारी काम."

ज्या शनिवारची ही हकिगत आहे, त्या सकाळीही तेच चालले होते.

"बाबा, चिंच संपवलीत पुन्हा?" अरुणाने स्वयंपाकघरातून विचारले.

"आमटीत गेली की वापरली, आणि यावर घातली की संपवली. छान आहे तुमचा न्याय."

"आजोबा, एव्हरी सॅटर्डे पॉलिश!" वल्लरी म्हणाली. ती अरुणाची मुलगी, सहावीच्या वयाची. मराठी तिला समजते, उत्तर मात्र सिंगापुरी वळणाच्या इंग्रजीत येते. "नोबडी कमिंग, लाह."

"कोणी येवो न येवो. तपासणी अचानकच होते, बेटा."

अरुणा चहा घेऊन टेबलाशी बसली, पण तिने तो प्यायला नाही. तिच्या कामाविषयी तुम्हाला सांगायला हवे. ध्वनिलहरी पाठवून धातूच्या आतले दोष शोधणे हे तिचे काम. सिंगापूरच्या तुआस भागात, जहाजे बांधणाऱ्या एका लहान यार्डात त्या वेळी एक जहाज बांधले जात होते, एका छोट्या देशाच्या आरमाराचे, शिडांचे. हो मित्रांनो, आजही! नौदलात भरती झालेल्या मुलांना वारा आणि समुद्र शिकवण्यासाठी अनेक देश शिडांची जहाजे बाळगतात. हे जहाज पोलादाचे होते. पण ठेका सरकारी, काम खाजगी, पैसे टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्प्याला एक सही, हे सगळे तसेच होते. ती सही अरुणाच्या कंपनीची आणि कंपनीतर्फे अरुणाची. मी कपाटावरून हे ऐकत असे आणि माझे कुतूहल वाढत असे. दोनशे वर्षांत शिडांचे कापड बदलले होते, हप्त्यांची रीत नाही.

"सोमवारी सही मागताहेत," अरुणा म्हणाली. "फळ्यांचा, म्हणजे कवचाचा टप्पा. सही झाली की यार्डाला हप्ता."

"मग कर की. नमुना म्हणून तपासलेले सांधे पास आहेत ना?"

"सगळे पास. पण नमुना यार्डानेच सुचवला होता. मी गेले तर नेमके तेवढेच सांधे घासूनपुसून तयार. आणि मुख्य डोलकाठीच्या पायाचा सांधा माझ्याआधीच पत्र्याने बंद केलेला. तो नमुन्यात नाही."

"बाहेरून पाहिलास?"

"दोन्ही बाजूंनी. पत्रा सुरेख दिसतो."

"अगं मग झालं तर! मी अख्खी नोकरी तशीच केली. अलीकडून पाहायचं, पलीकडून पाहायचं, सही करायची. तुझा तो साहेब काय म्हणतो?"

"डेस्मंड? म्हणतो, पत्रा काढायचा म्हणजे आठवडा जाणार, यार्ड खवळणार. सॅम्पल पास म्हणजे पास. आणि जाता जाता म्हणाला, तुझा पास पुढच्या महिन्यात रिन्यू करायचाय ना."

निशिकांतांनी चिंच खाली ठेवली. अरुणाचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे येथे नोकरी करण्याचा परवाना, कंपनीने मागितल्याशिवाय पुढे वाढत नाही, आणि तो नसेल तर फ्लॅट, वल्लरीची शाळा, निशिकांतांचे येथले राहणे, सगळेच संपते. हे त्या टेबलावरच्या तिघांनाही ठाऊक होते.

"म्हणजे तुझ्याकडे संशय आहे, पुरावा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग पुरावा नसताना अडवायचं?"

"पुरावा नसताना पास करायचं? बाबा, त्या डोलकाठीवर मुलं चढणार आहेत. अठरा-एकोणीस वर्षांची."

"तू लहानपणापासून अशीच. गाडी वेळेवर असली तरी तुला घड्याळावर संशय!"

अरुणा हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"बाबा, हा आरपार आहे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय की!"

"दॅट वन ओन्ली आउटसाइड, आजोबा," वल्लरी म्हणाली.

अरुणा उठली आणि कामाची बॅग घेऊन आली. तिने आधी पोलादाच्या ओळखीच्या जाडीच्या तुकड्यावर यंत्र तपासले. मग तांब्यातला ध्वनीचा वेग भरला. मला हे आवडले. आधी यंत्रावर संशय, मग माझ्यावर. यंत्राचा ध्वनी सोडणारा खडा आणि धातू यांच्यात हवा राहू नये म्हणून एक चिकट द्रव लावतात. तो संपला होता.

"खोबरेल चालेल," ती म्हणाली. "वल्लरी, बाथरूममधली बाटली आण."

आयुष्यात प्रथमच माझ्या डोक्याला खोबरेल लागले. चिंचेने घासून चकती आरशासारखी झाली होती, त्यामुळे खडा तिच्यावर नीट टेकला. निशिकांतांच्या शनिवारांचा असा उपयोग होईल, हे कुणाच्याही मनात आले नसेल.

तो आवाज माणसांना ऐकू येत नाही. मला तो बारीक झिणझिणीसारखा जाणवला. आवाज तांब्यातून पुढे जातो, तांबे जेथे संपते तेथून मागे फिरतो, आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. कांब आरपार असेल तर आवाज हातभर दूर जाऊन परतायला हवा होता.

तो दोन बोटांवरून परतला.

अरुणाने खडा किंचित सरकवला. पुन्हा दोन बोटे. तिने मला उलटे केले आणि मागच्या चकतीला तेल लावले. या बाजूने तीन बोटे.

"तुटली असेल," निशिकांत म्हणाले. "एवढ्या वर्षांत तुटेल नाही तर काय?"

"असेलही. मी फक्त एवढं सांगू शकते की इकडून तांबं इथे संपतं आणि तिकडून इथे. मध्ये काही असलंच, तर त्याचा या दोघांशी संबंध नाही."

"म्हणजे फेक?" वल्लरीचे डोळे चमकले. "सो कूल!"

आता मीही सांगू शकतो. अरुणाचे म्हणणे अचूक होते आणि तिने पुराव्यापलीकडे एक शब्दही उच्चारला नाही. कांब तुटली नव्हती. ती कधीच अखंड नव्हती. माझ्या मधल्या भोकात दोनशे वर्षांचे डांबर आहे.

निशिकांतांनी मला जवळ ओढले. त्यांनी अंगठ्याने चकतीवरचे तेल पुसले. मग त्यांनी विचारले, "अरुणा, हे यंत्र काँक्रीटवर चालतं का?"

"हे नाही. त्याचं वेगळं असतं."

"पण असतं."

"असतं, बाबा."

"आमच्या वेळी नव्हतं," ते म्हणाले. मग चकती पुन्हा एकदा पुसून म्हणाले, "असेलही. मी मागितलं नव्हतं."

 अरुणा पुन्हा बॅग भरू लागली तेव्हा ते म्हणाले, "सोमवारी सही करू नकोस. पासाचं पाहू. मुंबई काही बुडालेली नाही."

"वल्लरीची शाळा?"

"आय कॅन हिअर यू, यू नो," वल्लरी म्हणाली. मग, क्वचितच बोलते त्या मराठीत, "आई, बघून घे ना आधी."

सोमवारी अरुणाने सही केली नाही. डोलकाठीच्या पायाचा सांधा तपासल्याशिवाय या टप्प्याविषयी मत देता येत नाही, एवढेच तिने लिहून दिले. यार्ड खवळले. डेस्मंड खवळला. आठवडा गेला, पत्रा कापला गेला, सांधा उघडा झाला, आणि अरुणाने तो इंच इंच तपासला.

सांधा उत्तम होता. एकही दोष नव्हता.

मित्रांनो, येथे तुमची थोडी निराशा झाली असेल, तर ती मला समजते. आपण संशय घेतला की तो खरा ठरावा असे सर्वांनाच वाटते. अरुणालाही क्षणभर वाटले असेल. डेस्मंड तिला म्हणाला, "सी? वन होल वीक, फॉर नथिंग." घरी येऊन तिने ते जसेच्या तसे सांगितले. आपण काय उत्तर दिले तेही सांगितले: "नथिंग आहे, हे आता कळलं. गेल्या सोमवारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं." डेस्मंडने विषय सोडला. पटून की कंटाळून, हे तिने सांगितले नाही, म्हणून मीही सांगत नाही. पास वाढला, पण कंपनीने या वेळी मुदत कमी मागितली. सही अडवल्याची किंमत ही अशी आकारली गेली. हप्ता यार्डाला मिळाला आणि जहाज पाण्यात उतरले. त्याच्या डोलकाठीवर आज कोणी मुलगा चढत असेल, तर त्याला यातले काही ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. माझ्या जहाजाच्या पंपावरच्या माणसांनाही निदान एवढी निर्धास्ती मिळायला हवी होती.

निशिकांतांनी मला फेकून दिले नाही. ते अजून शनिवारी चिंच संपवतात. पाहुणा आला की मात्र वाक्य बदलले आहे. ते मला पाहुण्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "सांगा बरं, मध्ये काय आहे?" आणि उत्तराची वाट पाहतात. बहुतेक जण "आरपार" म्हणतात. मग वल्लरी हसू दाबत खोबरेलाची बाटली आणायला धावते.

आणखी एक गोष्ट घडली. निशिकांतांनी आपल्या जुन्या नगरपालिकेला कळवले. एका वस्तीतली पाण्याची उंच टाकी त्यांच्या सहीने पूर्ण झाली होती. तिच्या खांबांची आतून तपासणी करावी, खर्चात आपले निवृत्तिवेतनही घालू, असे त्यांनी लिहिले. तिकडचा तरुण अभियंता फोनवर हसून म्हणाला, "काका, टाकी उभी आहे की इतकी वर्षं!"

"उभी आहे हे मला दिसतंय," निशिकांत म्हणाले. "आत काय आहे ते बघा."

अखेर तपासणी ठरली, झाली. अहवाल अजून आलेला नाही. निशिकांत रोज सकाळी फोन पाहतात आणि बाजूला ठेवतात. खांब भक्कम असतील, बहुधा. बहुतेक गोष्टी भक्कमच असतात. पण 'बहुधा' या शब्दावर मी एकदा सगळा समुद्र पाहिला आहे, आणि त्याच्याखाली माणसांना पाणी उपसताना पाहिले आहे.

म्हणून, मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. मला जपा असे मी म्हणत नाही, मी कपाटावर सुखात आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कोणी तरी तुमच्यासमोर सही करायला काही ठेवील. दोन्ही टोके चमकत असतील, बेरजा जुळत असतील, आणि सगळे घाईत असतील. तेव्हा एकदा शांतपणे विचारा, मधला भाग कोणी पाहिला? उत्तर 'कोणीच नाही' असे आले, तर घरात खोबरेल कुठे ठेवले आहे ते शोधा.